वर्दिनाच्या लग्नाची गाडी

३ फेब्रुवारी, रविवार

आजपासून नियमित लिहिणार. जानेवारीतच ठरवलं होतं, पण जानेवारी तयारीत गेला.

सकाळी वर्दिनाचा फोन. माझी मुलगी, एकुलती एक. लग्न ठरलं! मुलगा जोहोरचा, हैकल नावाचा, विमा कंपनीत आहे. २२ जून, शनिवार, सकाळी दहाला निकाह. सेरेम्बानला, तिच्या आईच्या घराजवळच्या हॉलमध्ये. तिची आई रोहाना पूर्वी माझी बायको होती, आता बख्तियार मास्तरची आहे. मास्तर भला माणूस आहे, माझी काही तक्रार नाही. वर्दिना लहान असल्यापासून त्याच्याच घरात वाढली. शाळेची फी त्यानं भरली, दातांना तार त्यानं लावून दिली. पण आमच्यात बाप जिवंत असताना मुलगी बापानंच द्यायची असते, स्वतःच्या तोंडानं, जावयाचा हात हातात धरून. काझी शेजारी बसून नीट झालं की नाही एवढंच बघतो. हा एक हक्क मास्तरला मिळणार नाही.

वर्दिना म्हणाली, अबाह, तुम्ही याल ना? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? शिवाय तुला घरून हॉलपर्यंत माझ्याच गाडीतून नेणार. ती हळूच म्हणाली, तोपर्यंत गाडी बदलणार का? साधी एखादी घ्या. मागे बसता येईल अशी.

मागची सीट मी वजन कमी करायला काढली आहे. वेगाचं शास्त्र तिला कुठून कळणार. पण मुद्दा बरोबर आहे. गाडी वर्दिना जन्मली त्या वर्षीची. आता पुरे. निर्णय: गाडी बदलायची. पक्का निर्णय.

१० फेब्रुवारी, रविवार

इपोहमधल्या शोरूमला जाऊन आलो. नवी गाडी चालवून पाहिली. सारखी बोलते. पट्टा लावा, दार नीट लावा, डावीकडे सरकताय. इतकं तर रोहानासुद्धा बोलत नसे. इंजिन चालू आहे की बंद, तेच कळेना. मी दोनदा चावी फिरवली, तर त्यात चावीच नव्हती.

विक्री करणाऱ्या मुलीनं विचारलं, अंकल, घरात माणसं किती? मी म्हटलं, एक. मग ही लहान बघा, म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा येतो.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सेंगचं गॅरेज चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर उघडलं. फक्त नमस्कार करायला गेलो होतो.

त्याच्याकडे नवा हाफ-कट आला आहे. जपानमधल्या मोडीतल्या गाड्या तिकडे मधोमध कापतात आणि पुढचा अर्धा भाग इंजिनासकट कंटेनरमधून आपल्याकडे येतो. हे टर्बो आहे. जपान्यानं जेमतेम वापरलंय. सेंग म्हणाला, बॉस, हे इंजिन तुमच्या गाडीसाठीच समुद्र ओलांडून आलंय. सेंग सगळ्यांनाच असं म्हणतो, पण माझ्या बाबतीत ते खरं आहे.

निर्णयात किरकोळ दुरुस्ती: गाडी बदलायची, पण आतून. बाहेरून तीच, आतून नवी. म्हणजे वर्दिनाचंही ऐकलं आणि माझंही. असे तोडगे सगळ्यांना सुचत नाहीत.

९ मार्च, शनिवार

इंजिन अजून गॅरेजच्या फरशीवर. गाडीचं नाकाड उघडं. बसनं कॉलेजला नोकरीवर जातो. आमच्या स्टोअररूममधला प्रत्येक जण विचारतो, गाडी कुठंय? मी म्हणतो, लग्नाची तयारी चालू आहे. आणि तेच खरं आहे.

बसस्टॉपवर निकाहाचं वाक्य पाठ करतो. ‘माझी मुलगी वर्दिना मी तुला निकाहात दिली.’ पुढे मेहेरची रक्कम. अवघड काही नाही, पण गळा साफ हवा. शेजारची बाई जरा दूर सरकून उभी राहिली.

१३ एप्रिल, शनिवार

इंजिन बसलं. चालू केल्यावर सेंगच्या गल्लीतली मांजरं पळाली. सेंग बोनेटला कान लावून म्हणाला, इंजिन दणकट आहे, पण रेडिएटर जुन्या गाडीचाच आहे, लहान पडेल. लांब जायचं असेल तर मोठा टाका.

टाकू. घाई काय आहे.

२२ एप्रिल, सोमवार

इंजिन बदललं की सरकारी तपासणी लागते. आवाजामुळे पहिल्या खेपेला नापास. साहेब म्हणाला, अंकल, ही गाडी आहे की बोट? नंतर सेंगनं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सायलेन्सर एका दिवसापुरता बसवून दिला, तेव्हा पास. माझ्या दृष्टीनं आवाजाचा प्रश्न कायमचा मिटला. मग माझा सायलेन्सर परत बसवला.

११ मे, शनिवार

रोजे चालू आहेत. उपास धरून गॅरेजमध्ये बसायला त्रास होतो. सेंग समोर नूडल्स खात नाही, मागच्या खोलीत जाऊन खातो. माणूस म्हणून तो चांगलाच आहे.

वर्दिनाचा फोन. मागची सीट परत बसवली का? मी म्हटलं, सीट शोधतोय. खोटं नाही. जुनी सीट मी शेजारच्या मुनियांडीला त्याच्या दुकानाबाहेर बसायला दिली होती आणि आता त्यावर रोज चार म्हातारे बसतात. त्यांना उठवायचं कसं? म्हणाली, अबाह, खरं सांगते, तुम्ही आलात तरी पुरे. मी कोणत्याही गाडीत बसेन.

पोरीचा समजूतदारपणा बघून भरून आलं. म्हणून ठरवलं की गाडी आणखी चांगली करायची.

७ जून, शुक्रवार

ईदचा तिसरा दिवस. सेरेम्बानला जाऊन आलो. गाडी फर्स्ट क्लास. ईदच्या गर्दीत सुई थोडी लालकडे जात होती, पण मीटर नवा आहे, अजून रुळला नाही. हीटर चालू करून खिडक्या उघडल्या की सुई खाली येते. हैकलला मुद्दाम हे तंत्र समजावून सांगितलं. तो ‘हो अबाह, हो अबाह’ म्हणत होता. चांगला मुलगा आहे. त्याला माझ्यात रस आहे.

एक छोटी अडचण. त्यांच्या वसाहतीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे तो ओलांडता येत नाही. गाडी मी खाली बसवली आहे ना. पोटावरच अडकली. मागे लोक हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा मास्तर घरातून चपला घालून आला आणि शेजाऱ्यांना घेऊन गाडी मागून उचलली. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. रोहाना दारातून बघत होती. ती म्हणाली, अजून तीच गाडी? मी म्हटलं, आतून नवी आहे. ती म्हणाली, हो, मलाही तुम्ही तेच सांगायचात, सगळं आतून ठीक आहे म्हणून.

तिला टोमणे मारायची सवय आहे. तिच्या हातचं रेंदांग, नारळात आटवलेलं मांस, मात्र तसंच. मी दुसऱ्यांदा मागितलं नाही. मास्तरच्या घरात मागायचं कसं.

निघताना वर्दिना गतिरोधकापर्यंत चालत आली. माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. म्हणाली, लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रेननं या. मी स्टेशनवर घ्यायला येते. मी म्हटलं, नवरी मुलगी स्टेशनवर येत नसते.

१५ जून, शनिवार

आठवडा उरला. एकाच कामाला वेळ आहे. सेंग म्हणतो रेडिएटर. मी नीट विचार केला. रेडिएटर बोनेटच्या आत असतो. कुणाला दिसत नाही. बोनेट दिसतो. हॉलच्या दारात फोटो निघणार, ते वर्दिनाच्या मुलांनाही दाखवले जाणार. त्यात बोनेटचा रंग उडालेला दिसला तर लोक काय म्हणतील? नवा बोनेट सांगितला, काळा, वर हवेसाठी फट असलेला. फटीतून हवा आत जाईल, म्हणजे इंजिन थंड राहील. रेडिएटरचं काम परस्पर झालं.

सेंगनं हात वर केले. म्हणाला, बॉस, गाडी तुमची.

१९ जून, बुधवार

वर्दिनानं ट्रेनचं तिकीट पाठवलं, फोनवर. शुक्रवार दुपारचं. खाली लिहिलंय, खिडकीची जागा घेतली आहे. लहानपणी तिलाच खिडकी लागायची, मला नाही. तिच्या लक्षात राहिलं नसेल.

तिकीट राखून ठेवतो. गाडी वेळेत झाली नाही तर वापरू. आपला काही हट्ट नाही.

२१ जून, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून सेंगकडे गेलो. बोनेट झालाय, पण रंग ओला. चार वाजता होईल म्हणाला. ट्रेनही चारचीच. क्षणभर वाटलं, जावं ट्रेननं, गाडी इथेच राहू दे. बोट लावून पाहिलं. कोरडा होत आलेला. अशा वेळी सोडून जाणं म्हणजे वेडेपणा.

वर्दिनाला कळवलं, पहाटे निघतो, नऊपर्यंत पोचतो. तिनं ‘ठीक आहे अबाह’ लिहिलं. पुढे काही नाही. मुली लग्नाच्या आदल्या दिवशी गडबडीत असतात.

बोनेट अप्रतिम दिसतो.

२३ जून, रविवार

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं शांतपणे, तांत्रिक बाजूनं लिहून काढतो.

पहाटे निघालो. निळा बाजू मलायू, म्हणजे आमचा सणाचा सदरा-पायजमा, घातलेला, कंबरेला नवी जरीच्या सोंगकेतची पट्टी, काळी टोपी शेजारच्या सीटवर. रस्ता मोकळा. मोठ्यानं वाक्य म्हणत होतो. सायलेन्सरवर आवाज चढवायचा तर छाती भरून म्हणावं लागतं, चांगला सराव होतो. स्लिम रिव्हर गावाच्या अलीकडे सुई लालमध्ये गेली. हीटर लावला, खिडक्या उघडल्या. सुई खाली आली नाही. मग फटीतून वाफ यायला लागली. फट काम करत होती, एवढं नक्की.

गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन स्वतःच बंद पडलं.

वर्दिनाचा पहिला फोन आला तेव्हा मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, हैकलचा भाऊ गाडी घेऊन निघतो. मी म्हटलं, त्याला इथवर यायला वेळ लागेल, नको, माझं होतंय.

तेवढ्यात एक छोटी पांढरी गाडी थांबली. तमिळ कुटुंब, सितियावानहून सेरेम्बानलाच निघालेलं. त्या गृहस्थानं माझे कपडे बघितले आणि विचारलं, अंकल, कुणाचं लग्न? मी म्हटलं, मुलीचं. निकाह मी लावायचाय, दहाला. तो म्हणाला, मग उभे काय राहिलात, बसा ना. त्याच्या बायकोनं लगेच टिफिनचे डबे मांडीवर घेतले, म्हाताऱ्या आईला खिडकीकडे सरकवलं, माझ्यासाठी जागा केली. म्हातारी मला हातानं बोलावत होती, या, या म्हणून.

हे नीट लिहायला हवं, म्हणजे पुढे गैरसमज नको. गाडी अशी हायवेवर सोडता येत नाही. मालक दिसला नाही की टो करणारे उपटसुंभ येतात, उचलून कुठल्या तरी अंगणात नेऊन टाकतात. नवं इंजिन, नवा बोनेट. मी त्याला म्हटलं, टोवाल्याला फोन केलाय, तो आला की येतो मागोमाग. तो म्हणाला, अंकल, गाडी जाईल कुठे? मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही. त्यानं जरा वेळ वाट पाहिली. बायकोनं डब्यातून दोन इडल्या काढून कागदात बांधून दिल्या. मग ते गेले.

बसलो असतो तर पोचलो असतो. हे खरं आहे. पण कुठल्याही जबाबदार गाडीमालकानं हेच केलं असतं.

तिसऱ्या फोनला वर्दिना रडत नव्हती. म्हणाली, अबाह, काझींना बारा वाजता दुसरीकडे निकाह आहे. मी म्हटलं, थांबव त्यांना. ती म्हणाली, बरं.

चौथा फोन तिनं लावला आणि काझींच्या हातात दिला. काझी म्हणाले, शहारोमसाहेब, तुम्ही मला तुमच्या वतीनं निकाह लावायचा अधिकार देताय का? तसं तोंडानं म्हणा, दोन साक्षीदार ऐकतायत. मी म्हटलं. त्याच वेळी पामतेलाचा टँकर गेला. काझी म्हणाले, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा ट्रक. तिसऱ्यांदा मी गाडीत बसून, काचा वर करून, तोंडाशी हात धरून ओरडलो. तेव्हा त्यांना ऐकू आलं. त्यांनी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून फोन ठेवला.

मला वाटलं होतं, फोन चालू ठेवतील आणि हैकल कबूल म्हणतो ते मला ऐकू येईल. पुन्हा लावतील म्हणून हातात धरून बसलो. गाडीत वाफेचा वास होता. मी टोपी घातली, कारण त्या वेळी निकाह लागत असणार. पाठ केलेलं वाक्य निराळं होतं, ते कुठेच म्हणायचं राहिलं. मला फार वाईट वाटलं. इतकं एकटं मला घटस्फोटाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

टोवाला दुपारी आला. त्यानं गाडी तंजोंग मलिमला टाकली. तिथून ट्रेन, मग दुसरी ट्रेन. हॉलवर पोचलो तेव्हा खुर्च्या एकावर एक रचत होते. दारात मास्तरची गाडी, फुलं-फिती लावलेली. आतल्या मागच्या सीटवर मोगऱ्याच्या पाकळ्या पडलेल्या.

मास्तरनं माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. बसा शहारोम, आधी जेवून घ्या, म्हणाला. रोहाना टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिनं पाण्याचा पेला आणून ठेवला आणि गेली. वर्दिनानं माझा हात कपाळाला लावला. मेंदी गडद चढली होती. एक फोटो काढला, हॉलच्या भिंतीशी. फोटोग्राफरही निघून गेला होता, म्हणून हैकलच्या भावानं फोनवर काढला.

एक गोष्ट चांगली झाली. काझी फार भला माणूस. फोनवर असं चालतं की नाही, म्हणून खळखळ केली नाही. साक्षीदारही फोनजवळ तयारच बसले होते. जोहोरची माणसं शिस्तीची असतात.

३० जून, रविवार

शांतपणे विचार केल्यावर असं दिसतं की चूक कुणाचीच नाही. इंजिन गरम होणं नव्या गाड्यांतही होतं. ट्रेनसुद्धा बंद पडतात. शुक्रवारची ट्रेन बंद पडली असती तर? तेव्हा कुणी माझ्या नावानं बोटं मोडली असती का?

सेंगनं गाडी तंजोंग मलिमहून आणवली. इंजिनाच्या डोक्याला तडा गेलाय. तो म्हणाला, बॉस, क्लांग बंदरात आणखी एक कंटेनर येतोय. या वेळी रेडिएटरसकट घेऊ. की गाडी काढून टाकायची? मी म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार केला. इंजिन बदलून सीट परत बसवायची. मुनियांडीच्या म्हाताऱ्यांना दोन बाकडी घेऊन द्यायची. वर्दिना आणि हैकल इपोहला आले की त्यांना मागे बसवून फिरवता येईल. लग्नात राहिलं ते तेव्हा करू. योजना उत्तम आहे.

७ जुलै, रविवार

मुनियांडीकडून सीट आणली. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली नाही, उलट पुसून दिली.

संध्याकाळी वर्दिनाला फोन केला. म्हटलं, काझींचा पत्ता दे, दुरियन फळांचा मोसम आहे, एक टोपली पाठवतो. त्या दिवशी त्यांनी मला सांभाळून घेतलं, आभार मानायला हवेत.

ती म्हणाली, आभार कसले अबाह, मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी विचारलं, आधी म्हणजे? मी स्लिम रिव्हरला अडकलो तेव्हा?

नाही, म्हणाली. तारीख ठरली तेव्हाच, तुम्ही पोचला नाहीत तर फोनवर विचारा म्हणून. साक्षीदारही तेव्हाच सांगून ठेवले. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला काही राग नाही.

खरंच नव्हता. मी आवाजात राग शोधत होतो. ती दुकानातल्या माणसाशी बोलावं तसं नीट, समजावून बोलत होती. फेब्रुवारीपासून तिला माहीत होतं. मी वाक्य पाठ करत होतो तेव्हाही.

मी म्हटलं, मग त्या सकाळी मला चार वेळा फोन कशाला केलास?

मागे हैकल भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, वाटलं, या वेळी कदाचित याल.

सेंगला फोन करून सांगितलं, इंजिन नको. गाडी काढून टाक. तो म्हणाला, बॉस, नक्की? घाई नाही. मी म्हटलं, नक्की. तो म्हणाला, बोनेटला गिऱ्हाईक मिळेल, बाकी वजनावर जाईल. बरं म्हटलं.

वर्दिनाशी आणखी काय बोललो ते लिहायचं राहिलं. फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, अबाह, जेवलात का? मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो. ती म्हणाली, बरं मग, आराम करा.